वीर कशावर आला?

टाक पहिल्यांदा अनसाबाईंच्याच हातात द्यायचा, हे माऊलीनं शिरूरला सोनाराच्या दुकानात बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं. म्हातारी एकदा ‘चांगला झालाय’ म्हणाली की साधनाच्या तोंडाला कुलूप. पण एका अंगणात इतकी वर्षं काढल्यावर कोण कुठून पाणी वळवणार हे कळतंच. साधनाला थोरल्या दिराचा डाव तो गाडीवरून उतरला तेव्हाच कळला होता. म्हणून तिनंही सकाळी डेअरीवर दुधाचं फॅट लावता लावता केडगावला एक फोन करून ठेवला होता, आणि त्याबद्दल घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

धुळवडीची दुपार होती. पुरणाची पातेली उतरली होती आणि माऊलीच्या नव्या स्लॅबच्या घराच्या पडवीत काळं घोंगडं अंथरून म्हाताऱ्यांना बसवलं होतं. एकीकडे अनसाबाई, माऊलीची आई. दुसरीकडे तिची नणंद भागुबाई, जिच्याशी वाद घालून आजवर कुणी वेळेवर जेवायला उठलेलं नाही. माऊलीनं लाल फडकं सोडलं आणि चांदीचा टाक आईच्या तळहातावर ठेवला.

अनसाबाईंना दिसायचं कमी झालं होतं. त्या अंगठ्यानं चाचपत राहिल्या.

“हे काय रं? शेपूट?”

“घोड्याचं, आई.”

“आन् ह्ये लांबुडकं?”

“तलवार. वर गोकुळ बसलाय. फेटा बी काढलाय बघ, हात लाव.”

अनसाबाईंचा अंगठा फेट्यावर थांबला. “चांगला झालाय,” त्या म्हणाल्या.

माऊलीला हायसं वाटलं. त्याची बायको सीमा हळदीकुंकवाचं ताट घेऊन तयारच होती. एकदा कुंकू लागलं की टाक देवघरात बसला, आणि एकदा बसलेला टाक कुणाच्या बापाला हलवता येत नाही. साधना पदर खोचून उंबऱ्यात येऊन उभी राहिली ती त्याच वेळी.

“चांगला झालाय, पर कुणाचा झालाय?” ती म्हणाली. “ह्यो घोड्यावरचा माणूस आपल्या घरातला न्हाई.”

झालं! सीमाचं ताट हातातच राहिलं.

घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या शिवारातल्या या वस्तीवर, ज्या घरातलं कुणी लढाईत पडलं त्या घरात त्याचा टाक असतो. त्याला वीर म्हणतात. धुळवडीला ऊन उतरलं की सगळ्या भावकीचे वीर बिरोबाच्या देवळापुढं नाचवायचे, नदीच्या पाण्यात न्हाऊ घालायचे आणि परत देवघरात ठेवायचे. देवळापुढं भगत प्रत्येकाला अडवतो आणि विचारतो, ‘वीर कशावर आला?’ घरातला कर्ता पुरुष ओरडून सांगतो, ‘घोड्यावर आला!’ मग ढोल वाजतो. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं आहे. कुणाचा वीर पानिपतावर गेला म्हणतात, कुणाचा आणखी कुठं, पण टाकावर प्रत्येकजण घोड्यावरच. सोनाराकडं साचाच तेवढा.

माऊलीचा धाकटा भाऊ, साधनाचा नवरा गोकुळ याचा टाक मात्र इतकी वर्षं झाला नव्हता. त्याचा बाप ज्ञानूआबा जिवंत असेपर्यंत म्हणायचा, “टाक मेल्याचा करत्यात. माझ्या घरात मेल्याची गोष्ट न्हाई.” पेटी आली, बंदुकांची सलामी झाली, शौर्याचं मेडल आलं, तरी आबा पोरगा कामावर गेल्यासारखा वागला. गोकुळचं नाव काढलं की ताटावरून उठायचा. गेल्या साली आबा गेला, वर्षश्राद्ध झालं, आणि माऊलीनं पहिलं काम हे केलं. त्यात त्याचं चुकलं असं साधनाही म्हणत नव्हती.

“गोकुळ घोड्यावर कवा बसला, भावजी? सांगा की.”

“अगं, बसायलाच पायजे आसं कुठं हाय? वीर म्हणलं की घोडा आला.”

“ते खेचरांच्या तुकडीत व्हते. रातच्याला खेचरांवर दारूगोळा लादून डोंगरावर न्यायचे. दोर धरून पायी चालायचे. कारगिलात तोफेचे गोळे पडाय लागले, खेचरं पांगली, तवा मेंढरांना घालतो ती हाळी घालून ह्यांनी एकेक गोळा केलं. दारूगोळा वर पोचवला, जखमी खाली आणले, आन् परत वर गेले. मेडल त्याला मिळालंय. तलवारीला न्हाई.”

“हळू बोल,” माऊली इकडंतिकडं बघत म्हणाला. “भावकी ऐकंल.”

“ऐकू द्या! त्यांनीच ऐकाय पायजे.”

साधनाचा हा राग आजचा नव्हता. दर पंधरा ऑगस्टला शाळेत तिला पुढच्या खुर्चीवर बसवायचे, शाल आणि नारळ द्यायचे, आणि माइकवरचा माणूस सांगायचा की वीर गोकुळ बंदूक सरसावून शत्रूवर तुटून पडले. ते भाषण माऊलीनंच लिहून दिलेलं असायचं. तिनं ती शाल अंगावर घेतली, नारळाची चटणी केली, पण ती बंदूक काही तिला पचली नाही. माणूस तर गेलाच, आणि वर त्याच्या जागी दुसराच कुणी आणून उभा केला, हे तिला सोसत नव्हतं.

“आत्याबाई, तुमी तरी सांगा,” माऊलीनं भागुबाईकडं मोर्चा वळवला.

भागुबाई वाटच बघत होती. “माझं इचारशील तर घोडाच बरा. का, सांगू? त्या मेल्यानं खेचराला नाव काय दिलं व्हतं? भागू! शेवटच्या सुट्टीला आला तवा माझ्याच म्होरं बसून सांगतोय, ‘आत्या, लई हट्टी हाय, लाथा झाडती, पर ओझं टाकीत न्हाई, म्हनून तुझं नाव ठिवलं.’ गावभर झालं! अजून पोरं मला बघून खिंकाळत्यात. आता चांदीत काढा खेचर आन् पूजा घाला माझी!”

सीमा पदराआड हसली. अक्षदाही हसली. अक्षदा म्हणजे साधनाची आणि गोकुळची लेक, बाप गेल्यावर चार महिन्यांनी जन्मलेली, आता रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीला. आज सुट्टी टाकून आली होती आणि एवढा वेळ भिंतीला टेकून उभी होती.

“थोरले आबा,” ती चुलत्याला म्हणाली, “मी माझ्या बापाला बघितला न्हाई. एक फोटो हाय, त्यात बी टोपीची सावली तोंडावर आलीय. निदान टाकावर तरी त्यो खरा असू द्या ना. उद्या माझ्या पोरांनी इचारलं, आज्याचा घोडा कसला व्हता, तर मी काय सांगू?”

माऊलीनं आईच्या हातातल्या टाकाकडं बघितलं आणि तो एकदम भडकला.

“तुमाला काय म्हाईत गं? आमी शाळंत जायचो तवा आमाला काय म्हणायचे म्हाईत हाय? तट्टूवाले! तट्टावर बिऱ्हाड घिऊन मेंढरामागं हिंडणारे. पोरं मागून च्यक् च्यक् करायची. मास्तर सुद्धा हसायचा. गोकुळ हसण्यावारी न्ह्यायचा, मला न्हाई जमलं. त्यो मिल्ट्रीत गेला तवा मला वाटलं, सुटलो. आता कोण हसतंय बघू. आन् त्यो जाऊन परत तेच! खेचरं हाकतोय! माझा भाऊ एकदा तरी घोड्यावर बसलेला मला बघायचा व्हता. त्यात काय वंगाळ केलं मी?”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. साधनाला ते दिसलं. वाईटही वाटलं तिला, का नाही वाटणार? या माणसानं अक्षदाची फी भरली होती, आजारपणात रात्री जागवल्या होत्या. पण तिथं दबलं तर कायमचं दबलं, हेही तिला ठाऊक होतं.

“तुमाला लाज वाटली, ती तुमच्यापाशी ठेवा, भावजी,” ती म्हणाली. “त्यांना कवा वाटली न्हाई. आन् मलाबी न्हाई.”

एवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली. मीरासाहेब उतरला. केडगावचा. गोकुळच्याच तुकडीतला, गोकुळ गेला त्याच रात्री त्याच वाटेवर मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसलेला. एक पाय ओढत चालायचा. दर धुळवडीला यायचा, पडवीत बसून पुरणपोळी खायचा, ऊस आणि पाऊसपाण्याचं बोलायचा आणि जायचा. ज्ञानूआबाच्या धाकानं त्या रात्रीचा शब्द या घरात त्यानं कधी उच्चारला नव्हता. साधनानं तो सगळा केडगावला त्याच्या घरी जाऊन, त्याची बायको गुलशन हिच्या शेजारी बसून, एकदाच ऐकला होता. आज त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“आणली का भाऊ?” साधनानं विचारलं.

“आणली की. दाराच्या चौकटीवरनं खिळे उपटून काढली. गुलशन म्हणती, दार भुंडं दिसतंय, लवकर परत आणा.”

त्यानं कागद सोडला. आत नाल होती. लोखंडाची, अरुंद, एका बाजूनं झिजून पातळ झालेली.

“भागूची हाय,” मीरासाहेब म्हणाला. “मी दवाखान्यातनं परत तुकडीत गेलो तवा नालबंद तिच्या नाला बदलत व्हता. मी मागून घेतली. आमच्याकडं मोहरमाला नालसाहेबाची सवारी निघती ना, इमामांच्या घोड्याची नाल म्हणून डोक्यावर घेत्यात. मला तेच ठाऊक. ज्या जनावरानं माणूस वाचवला त्याची नाल टाकून द्यायची नसती.”

“ही आज वीर म्हणून न्ह्यायची,” साधना म्हणाली. “टाक नीट होईस्तवर हीच.”

माऊली ताडकन उठला. “डोकं फिरलंय का तुझं? लोखंड? देवळात? आन् त्यात परत मोहरमाचा प्रकार? भावकी तोंडात शेण घालंल माझ्या!”

मीरासाहेबाचा चेहरा उतरला. तो कागद परत गुंडाळायला लागला. “राहू दे, माऊली. माझ्यापायी भांडू नका. मी घिऊन जातो.”

“भाऊ, ठेवा ती खाली,” साधना म्हणाली.

“मीरा,” अनसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका वेळ कुणी ऐकलाच नव्हता, म्हणून सगळे वळले. “तू खाली कसा आलास त्या राती?”

मीरासाहेबानं साधनाकडं बघितलं. तिनं मान हलवली. आता आबा नव्हता.

“खेचरावर, आई. मांडी फाटली व्हती, शुद्ध जात व्हती. गोकुळनं भागूच्या पाठीवरचं ओझं उतरवलं, मला आडवा टाकला आन् बांधला. मी म्हणलं, तू बी बस, दोघं जाऊ. म्हणला, दोघांचं वजन उतारावर तिला झेपायचं न्हाई. मग म्हणला, ओझं वर पोचवायचं राहिलंय. त्यानं ते स्वतःच्या पाठीवर घेतलं. भागूला हाळी दिली, खाली जा म्हणून. ती मला घिऊन खाली गेली, एकटी. त्यो वर गेला. चालत.” त्यानं मांडीवर हात ठेवला. “खाली डाक्टरला मला सोडवता यीना, आई. ती गाठ सुटंचना. शेवटी दोर कापायला लागला.”

अनसाबाईंचे हात हवेत हलले, जुन्या सवयीनं. एक फेरा खालून, एक फेरा आडवा, मग ओढ.

“आशी?”

“आशीच.”

“ती ओढली की आवळती,” अनसाबाई म्हणाल्या. “म्होरनं न्हाई सुटत. मागनं बोट घालावं लागतं.” आणि म्हातारी रडायलाच लागली, मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. “मी शिकिवली रं त्याला! मेंढरांचा वाडा हलायचा तवा गडी मेंढरामागं म्होरं जायाचे, आन् तट्टावर बिऱ्हाड लादायचं काम आमा बायांचं. पोरंबी वर बांधायचो झोपलेली. पडायची न्हाईत. त्यो माझ्या पाठी पाठी असायचा. गडी हसायचे, बायकी काम करतंय म्हनून.”

भागुबाईनं नाकाला पदर लावला. “मग बांधला की न्हाई नीट!” ती कुणावर ओरडतेय ते तिलाही कळत नव्हतं. “एका आईचा पोरगा वाचिवला! कोण हसतंय आता? या म्हणावं म्होरं!”

अनसाबाईंनी डोळे पुसले आणि टाक माऊलीच्या हातात परत दिला.

“माऊल्या, घोड्यावर बसला असता तर जित्ता आला असता. त्यो बसला न्हाई. ह्ये ध्यानात ठेव.”

“आई, पर भावकी...”

“भावकीला सांग, तुला लहानपणी ताप आला तवा तुज्या आईनं नालसाहेबाला मलिदा कबूल केला व्हता. तवा चालली नाल, आन् आता न्हाई चालत व्हय? ह्यो टाक तुज्या बापाचा म्हनून ठेव. त्याला घोड्यावर बसायची लई हौस व्हती.”

सीमानं नवऱ्याकडं बघितलं, सासूकडं बघितलं आणि लाल फडकं साधनापुढं धरलं. माऊलीला घरातली सगळी माणसं एका बाजूला गेलेली दिसली. “करा काय करायचं ते,” तो म्हणाला. “मी यायचा न्हाई. आन् एक सांगतो, वीर गड्यांच्या हातात असतो. बाईच्या हातात आजवर गेला न्हाई. त्यात तू...”

“त्यात मी काय?”

माऊलीनं मान दुसरीकडं वळवली.

“त्यात मी रांडाव, आसंच ना? मग ज्याच्यापायी झाले त्यालाच हातात धरणार हाय. दुसऱ्या कुणाच्या वीराला न्हाई लावत हात.”

अनसाबाईंनी खोबऱ्याच्या मोठ्या वाटीत नाल ठेवली, वरून फडकं गुंडाळलं आणि चाचपत्या बोटांनी त्यावर तीच गाठ मारली.

ऊन उतरलं तेव्हा देवळापुढं भंडाऱ्यानं जमीन पिवळी झाली होती. ढोल, कैताळाच्या झांजा आणि चांगभलंचा गजर चालला होता. साधना छातीशी वीर धरून रांगेत उभी राहिली तेव्हा पुढचे दोन-तीन पुरुष वळून बघायला लागले. कुणी खाकरलं. मागं कुणीतरी हळूच च्यक् च्यक् केलं. अक्षदा त्या दिशेला वळली, पण साधनानं तिचा दंड धरला. अंगात राग होता म्हणूनच ती उभी होती. मागं अनसाबाईंना धरून सीमा, भंडाऱ्याची ओंजळ भरून भागुबाई, आणि जरा अंतर ठेवून मीरासाहेब.

एकेक वीर पुढं गेला. ‘कशावर आला?’ ‘घोड्यावर आला!’ ढोल. ‘कशावर आला?’ ‘घोड्यावर आला!’ ढोल. मग साधनाची पाळी आली. म्हाताऱ्या भगतानं काठी आडवी धरली आणि तिच्या मागं बघत राहिला, कुणी पुरुष पुढं येतोय का म्हणून.

“इचारा की,” साधना म्हणाली.

भगत तिच्याकडं वळला. “कुणाचा वीर?”

“ज्ञानूचा गोकुळ. माझा मालक.”

“वीर कशावर आला?”

“चालत आला!”

ढोलवाल्याचं टिपरू वरच राहिलं. भगताला वाटलं बाई गोंधळली. त्यानं समजुतीनं पुन्हा विचारलं, “नीट सांग, बाय. वीर कशावर आला?”

“सांगितलं ना! चालत आला!”

“आसं नसतंय,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. “वीर घोड्यावरच येतो.” हसण्याची एक लाट आली. भगताची काठी आडवीच होती. तिसऱ्यांदा विचारून मनासारखं उत्तर आलं नाही तर वीर देवळापुढून परत जातो, हे साधनाला माहीत होतं. परत नेऊन ती त्याला कुठं ठेवणार होती?

“वीर कशावर...” भगतानं सुरुवात केली.

“आरं, ऐकू येतंय का न्हाई तुला?”

माऊली होता. घाईनं आलेला, पायांत चपला नाहीत, फेटा अर्धाच बांधलेला. गर्दीतून खांद्यानं वाट काढत तो साधनाच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं तिच्या हातातला वीर घेतला नाही. च्यक् च्यक् आली होती त्या बाजूला तोंड केलं, आणि शाळेपासून गळ्यात अडकलेलं सगळं एकदम बाहेर काढावं तसा ओरडला, “तट्टूवाल्याचा हाय! चालत आला! कुणाला काय म्हणायचंय?”

मागून पाय ओढत मीरासाहेब पुढं आला आणि भगतापुढं उभा राहिला.

“मी आलो बसून,” तो म्हणाला. “मला बसवला, आन् त्यो चालत गेला.”

भगतानं काठी खाली घेतली. भागुबाईनं ओंजळभर भंडारा उधळला तो सगळ्यांच्या डोक्यांवर पडला, मीरासाहेबाच्या पांढऱ्या टोपीवरसुद्धा, आणि ढोलवाल्यानं टिपरू हाणलं.